गरम पाण्याच्या नळीतला बारीक आवाज

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या घराचा विषय निघाला तो गरम पाण्याच्या नळीवरून. "सकाळी पाचला भिंतीत हातोडी कोण मारतं, कृपया कळवावे," असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं आणि पुढे हात जोडलेले. सेक्रेटरी आमच्या बरोबर खाली राहतात. हातोडी कोण मारतं हे त्यांना ठाऊक होतं, अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पाचला अंघोळ करणारा माणूस सोसायटीत एकच, माझे बाबा.

बाबा नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला मेंटेनन्स फिटर होते. पत्र्यावर दणका घालून त्याला आकार देणारी अवजड यंत्रं असतात, ती बंद पडू नयेत हे त्यांचं काम. पहिल्या पाळीची बस चुकू नये म्हणून पाचची अंघोळ. पुढे निवृत्त झाले, बस गेली, पाळी गेली, अंघोळ तेवढी राहिली. आणि बहिरेपणा राहिला.

हे मी सौम्य शब्दांत लिहिणार नाही. बाबा बहिरे झाले असं लोक म्हणतात, जसं काही केस पिकले. त्यांना बहिरं केलं गेलं. कानात घालायचे प्लग कारखान्यात होते, पण ते स्टोअरच्या कपाटात होते. बाहेरून साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी ते वाटायचे आणि साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की परत जमा करून घ्यायचे. एखादा हरवला तर माणसाला जाब. एरवी लोक हात पुसायच्या कापसाचे बोळे कानात कोंबायचे. कानांची तपासणी म्हणजे डॉक्टर समोर बसून विचारायचा, "ऐकू येतं ना?" आणि माणूस म्हणायचा, "येतं." ओठांकडे बघणारा कुणीही त्या परीक्षेत पास व्हायचा. मी अंबडच्या गेटांवर कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटते, आणि ही हकिकत मी पत्रकात बऱ्याचदा घातली आहे, "एक कामगार" असं लिहून. पत्रकात ती एका परिच्छेदात संपते.

घरात ती संपत नाही. घरात तिचा अर्थ असा, की बहिऱ्या माणसाला कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही. "अहो, तुमच्या अंघोळीनं खालच्यांची झोप मोडते," हे आईनं सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. मग ते खालच्यांना ऐकू जाणार, शेजारच्यांना जाणार, गेटवरच्या वॉचमनला जाणार, आणि बाबांना जाईलच असं नाही. म्हणून आईनं अंघोळीचं नावच काढलं नाही. सोलरच्या नळीत कसलासा आवाज येतोय, लोकांची तक्रार आहे, एवढंच तिनं सांगितलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आवाज ना? मी बघतो की," ते म्हणाले. "प्लंबर नको. तो येणार अन् सगळी लाईन बदला म्हणणार. आवाज कुठून येतो ते शोधायला त्याला टाईम हाय का?"

बाबा मूळचे पेठकडच्या डोंगरातले. शहरात इतकी वर्षं काढून त्यांचं 'हाय' आणि 'नाय' तसंच आहे. त्या सकाळी त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी स्वतः उतरवली. आईनं स्टूल धरलं. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. लग्नात, बैठकीत, गावाकडे, सगळीकडे त्यांना खुर्ची देऊन बसवून टाकायचे आणि बोलायचे आपसांत. आता एक बिघाड होता, तो त्यांच्या ओळखीच्या जातीचा होता, आणि तो आपल्या हातून निघावा असं त्यांना वाटत होतं. इतकं वाटत होतं, की ते पेटी उघडून नुसतेच पान्यांवरून हात फिरवत बसले.

ऐकू न येणारा माणूस आवाज शोधायला निघाला, यात आम्हाला काही विचित्र वाटलं नाही. त्यांची एक पद्धत होती. प्रेस शॉपमध्ये धडधडाट इतका, की साध्या कानांनी कुठलंच यंत्र वेगळं ऐकू येत नाही. तिथले फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरतात. आवाज लोखंडातून थेट हाडात येतो. कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठला नट सैल झालाय, हे बाबा असं ओळखायचे. मी लहान असताना त्यांनी मला घरातला मिक्सर असा ऐकवला होता. डोक्यातच गिरणी सुरू झाली होती माझ्या.

संध्याकाळी सेक्रेटरी वर आले. विमा कंपनीत नोकरीला आहेत, बोलायला गोड.

"काकू, लोहारकाम सुरू केलंय का घरात?"

"तुम्ही उठा की एकदा पाचला," आई म्हणाली. "अंघोळ करा, पुण्य लागेल."

"पुण्य तुम्हालाच ठेवलंय काकू. आम्हाला झोप द्या नुसती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हसण्यावारी नका नेऊ. मिसेसना मायग्रेन आहे. कमिटीत विषय आलाय. जमलं नाही तर सातपर्यंत सोलरचा व्हॉल्व्ह बंद ठेवू म्हणतात."

"सोलर सगळ्यांचा आहे," मी म्हटलं. "एका माणसाचं गरम पाणी बंद करायचा ठराव कमिटी कुठल्या नियमानं करणार आहे, तेवढं मला लेखी द्या."

"तू आता याच्यावर पत्रक काढू नकोस," आई म्हणाली.

सेक्रेटरी हसले. बाबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनाही हसू आलं, कशाला हसतोय ते न कळताच, आणि ते सेक्रेटरींना म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा. मी गप करतो ती नळी."

"थांबतो की काका," सेक्रेटरी मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कामाला लागलो. आधी गार पाण्याचा नळ सोडून बघितला. काही नाही. मग गरम. नळ झटकन बंद केल्यावर दणका येतो का? येत नव्हता, म्हणजे नळाचा वायसर ठीक. पाण्यातून हवा फुरफुरते का? तेही नाही. गरम पाणी यायला लागलं की थोड्या वेळानं भिंतीत सुरू व्हायचं, कुणी बोटातली अंगठी भिंतीवर वाजवत असावं तसं, टिक, टिक, टक. नळ बंद केल्यावरही ते काही वेळ चालायचं. मी हे सगळं, खालच्या बाईंच्या डोकेदुखीसकट, बाबांना खुणांनी सांगितलं. प्रेस शॉपवाल्यांची खुणांची एक भाषा असते, मनगटावर दोन बोटं म्हणजे चहा, मूठ फिरवली की बंद कर. आमच्या घरात ती सर्रास चालते.

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर नळीला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंप."

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोलरची टाकी डोक्यावरच असल्यानं पाण्याला जोर नसतो, म्हणून गच्चीवर गरम पाण्याच्या लाईनीला एक छोटा पंप बसवलेला आहे. नळ सोडला की तो चालू होतो.

"पण आवाज उशिरा सुरू होतो," मी खुणेनं सांगितलं. "नळ बंद केल्यावरही येतो."

"बेअरिंग गरम झालं की बोलतं," बाबा म्हणाले. त्यांनी परत मूठ हाडाला लावली. "लय घरघरतंय. हे बघ, तू ऐक."

मी ऐकलं. लांबून, जाड, घर्र असं काहीतरी होतं खरं.

पुढचे दिवस ते गच्चीवर होते. डिसेंबरातला नाशिकचा गारठा, वारा टाकीच्या पत्र्यावर आपटायचा, आणि बाबा कानटोपी घालून पंपापुढे उकिडवे. पंप खोलला, पुसला. बेअरिंग काढून हातात घेऊन फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. बोटांना कचकच लागत होती. "बघ. खातंय ते." अंबडला त्यांच्या ओळखीचं दुकान आहे, तिथे स्वतः रिक्षानं गेले आणि नवीन बेअरिंग घेऊन आले. दुकानदारानं अजून नावानं हाक मारली, असं आल्या आल्या आईला सांगितलं. आईनं त्यांना गच्चीवर चहा नेऊन दिला. ती म्हणाली, "प्यायले का नाही कोण जाणे. मी आले गेले, वर बघितलंसुद्धा नाही." ते तिनं तक्रारीसारखं सांगितलं, पण तक्रार नव्हती ती.

रविवारी सकाळी बाबांनी सेक्रेटरींना बोलावून आणलं. आमच्या बाथरूममध्ये चार माणसं मावत नाहीत. बाबा नळापाशी, मी बादलीला चिकटून, सेक्रेटरी आणि आई दारात. बाबांनी गरम नळ सोडला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळीवर, मूठ कानामागे. पाणी गार आलं, कोमट झालं, मग वाफ यायला लागली. बाबा मान हलवत होते.

"गप झाली," ते म्हणाले. "बघा. एकदम गप."

टिक. टिकटिक. टक.

त्यांच्या हाताच्या बाजूलाच येत होता तो आवाज. नळी भिंतीत शिरते तिथून, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकापासून वीतभर अंतरावर. बाबा हसत होते.

गंगापूर रोडला कानाच्या मशीनचं एक दुकान आहे. तिथे आम्ही बाबांना नेलं होतं तेव्हा तिथल्या बाईंनी एक आलेख काढून दाखवला होता. रेघ सरळ जाऊन एकदम खाली कोसळलेली. "जाड आवाज शिल्लक आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "बारीक आवाज गेलेत. चमच्याचा, पाखरांचा, लहान मुलांचा, बायकांचा." आई तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे बायकांचं ऐकायचं नाही, हे आता लिहूनच मिळालं यांना." आम्ही सगळे हसलो होतो. मशीन त्यांनी काही दिवस लावलं, सगळं नुसतं खडखडतं म्हणून काढून ठेवलं, आणि तो आलेख मी विसरून गेले.

त्या रेघेचा अर्थ मला बाथरूममध्ये उभी असताना कळला. बाबांनी जे शोधलं ते त्यांना खरंच ऐकू येत होतं. पंपाचं बेअरिंग खरंच झिजलं होतं आणि त्यांनी ते खरंच बदललं. फक्त त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ज्या आवाजानं इमारत वैतागली होती, तो त्यांच्यापर्यंत एकदाही पोचला नव्हता. लोखंडातून नाही, हाडातून नाही.

आणि मला आणखी एक गोष्ट कळली, जी कळायला नको होती. माझा आवाज बारीक आहे. गेटवर मला माईकशिवाय बोलता येत नाही. लहानपणापासून मी काही बोलले की बाबा आधी आईकडे बघायचे आणि आई ते तोंड त्यांच्यासमोर आणून परत सांगायची. सगळ्यांच्या घरी वडिलांशी असंच बोलतात, अशी माझी समजूत होती.

"मस्त झालं काका," सेक्रेटरी म्हणाले आणि अंगठा दाखवला.

आई म्हणाली, "हो. गप झाली."

मी बादली उचलून बाजूला ठेवली. बाबांनी नळ बंद केला, स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसला. सेक्रेटरी जाताना मला जिन्यात थांबवून हळू म्हणाले, "ताई, प्लंबर बोलवून घ्या. काकांना काही सांगू नका." चांगुलपणानं म्हणाले. मला संताप आला. माझा संताप एरवी पत्ता घालून निघतो, या कंपनीला, त्या ठेकेदाराला, अमुक साहेबाला. तिथे जिन्यात उभं राहून मला त्याच्यावर घालायला पत्ता सापडेना. ज्यांचा घालायचा, ती माणसं प्लग परत कपाटात ठेवून कधीच घरी गेले होते.

प्लंबर पंचवटीतला. दुसऱ्या दिवशी, बाबा दुपारी झोपतात तेव्हा त्याला बोलावलं. त्यानं नळीवर हात ठेवला, नळ सोडला, कान दिला आणि टाईलच्या कडेचं सिमेंट छिन्नीनं फोडायला घेतलं. हातोडीचे ठोके जाड असतात. ते बाबांना ऐकू आले. ते लुंगी सावरत बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"हा काय करतो?"

प्लंबरला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्याचा आवाज घोगरा, भरदार. बाबांना तो स्पष्ट ऐकू येत होता.

"क्लिपा टाईट मारल्यात काका, अन् भोकात पाईपच्या भोवती सिमेंट भरलंय. पाईप तापला की लांब होतो. त्याला सरकायला जागाच नाही. अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो. तोच आवाज."

"आवाज बंद झालाय," बाबा म्हणाले. "मी बेअरिंग बदललं."

"कुठं बंद झालाय काका? चालूच आहे की. तुम्हाला नाही येत?"

नळ सोडलेलाच होता. भिंतीत टिकटिक चालू होती. बाबांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. मला ते जमत नाही, आणि त्या वेळी ते बरोबरही झालं नसतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि भिंतीत वाजेल तसं माझ्या नखानं त्यांच्या बोटाच्या हाडावर वाजवलं. टिक. टिकटिक. टक. भिंत थांबली की मी थांबायचे.

ते बोटाकडे बघत राहिले.

"हा?"

मी मान हलवली.

"रोज?"

हो.

"मी अंघोळ करतो तवा?"

हो.

"खालच्या बाईचं डोकं दुखतं म्हणं, ते याच्यानंच?"

हो.

"अन् काल तुम्ही सगळी..." आई मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी वळून बघितलं नाही. ते प्लंबरला म्हणाले, "पंपाचं बेअरिंग मात्र गेलं होतं."

"असेल ना काका," प्लंबर म्हणाला. "जुना झाला की जातोच तो. थोडं सरका, खडा उडेल."

बाबा सरकले आणि आत जाऊन बसले.

प्लंबरनं नळीभोवतीचं भोक मोठं केलं, त्यात मोठ्या पाईपचा तुकडा बसवला, क्लिपा सैल करून त्यांच्याखाली रबराच्या पट्ट्या घातल्या. काम लवकर उरकलं. नळ सोडला, पाणी तापलं, भिंत गप. फक्त बादलीत पाणी पडल्याचा आवाज. ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, "समस्या सुटली, काकांचे विशेष आभार." त्याखाली टाळ्यांची रांग लागली. आईनं तो मेसेज बाबांना दाखवला. त्यांनी वाचला आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी पाचला बाथरूमचा दिवा लागला नाही. मी उठून बघितलं, बाबा जागे होते, पलंगावर बसलेले.

"नळी गप झाली आहे, बाबा," मी जमेल तितका जाड आवाज काढून सांगितलं, मूठ फिरवून दाखवली. "आता आवाज येत नाही. तुम्ही करा अंघोळ."

"तू म्हणती ते खरं असंल," ते म्हणाले. "मला कसं कळायचं पण?"

मी काय म्हणणार होते, विश्वास ठेवा? रविवारी आम्ही तिघांनी मिळून त्यांना पटू दिलं होतं की नळी गप झाली.

आता ते आमच्या सगळ्यांच्या नंतर अंघोळ करतात, नळाची धार बारीक ठेवून. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण नळीनं त्यांना हे शिकवलं, की आपण कुठेतरी आवाज करत असतो आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना ऐकू येतो. दार ते दोन्ही हातांनी लावतात. चपला दाराबाहेर काढून घरात अनवाणी चालतात, थंडीतसुद्धा. खुर्ची ओढत नाहीत, उचलून ठेवतात. खोकला आला तर उशीत खोकतात. ज्या माणसानं जन्मभर दणक्यात काम केलं तो आता घरात चोरासारखा वावरतो, आणि आई सारखी म्हणते, "अहो, करा हो आवाज, आपलंच घर आहे." ते तिला ऐकू येतं, मला ऐकू येतं.

यावर काहीतरी लिहावं म्हणून मी परवा बसले होते. वर "कामगार बंधू-भगिनींनो" लिहिलं. मागण्या लिहायच्या तिथे हात थांबला. कानाचे प्लग रोज द्या, कपाटाची किल्ली कामगारांकडे द्या, कान खऱ्या यंत्रानं तपासा, हे सगळं मी लिहीन, लिहायलाच हवं, आज गेटवर जी पोरं उभी आहेत त्यांचे कान अजून शाबूत आहेत. बाबांसाठी त्यात लिहायला काही नव्हतं. कागद तसाच घडी करून मी जेवायला उठले.

जेवण झाल्यावर बाबांनी आपलं ताट स्वतः उचललं. मोरीपाशी गेले, वाकले, एक हात ताटाखाली धरून ते हळूहळू खाली सोडायला लागले. आधीची भांडी तिथे होतीच. कड कशाला तरी लागली, वाटी घरंगळली, ताट आपटलं आणि फरशीवर बराच वेळ थरथरत वाजत राहिलं. बाबा तसेच वाकलेले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आला का आवाज?"

मी आडवी मान हलवली. नाही आला.